डीलर गेला, वॉरंटी उरली: पुढची गाडी त्याच कंपनीची घ्यावी का?

परशुरामघाट | ५ जुलै, रात्री १०.१२

मंडळी, सल्ला हवाय आणि थोडं मनातलं ओकायचंही आहे.

माझ्याकडे माझ्या ऐपतीच्या मानाने महागडी अशी एक मोटारसायकल आहे. घेऊन दोन वर्षं झाली, कागदावर वॉरंटी अजून शिल्लक आहे. कंपनीचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण मग धागा 'तुझी भंगार, माझी चांगली' यावर जातो.

चिपळूणला तिचं शोरूम होतं. उद्घाटनाला फुगे, पेढे, ढोलताशा, सगळं. गेल्या दिवाळीनंतर शटर खाली आलं ते आलंच. आता तिथे टाइल्सचं दुकान आहे. कंपनीच्या ॲपवर मात्र 'तुमच्या जवळचं सर्व्हिस सेंटर' म्हणून अजून तोच पत्ता दिसतो. मी खवचटपणे टाइल्सवाल्यांना विचारलंही, तिसरी सर्व्हिस कधी करून देता.

जूनच्या पहिल्या मोठ्या पावसात मीटरच्या काचेत वाफ धरली आणि चार दिवसांत डिस्प्ले आंधळा झाला. वेग कळेना, पेट्रोल कळेना, गिअर कितवा ते पायाला विचारायचं. गाडी पुरात नव्हती हो, पडवीत होती. आता उरल्या दोन जागा, रत्नागिरी नाहीतर कुंभार्ली घाट चढून कराड. दोन्हीकडे नव्वदेक किलोमीटर. कराडला गेलो. काउंटरवरचा मुलगा म्हणाला, "पाणी गेलंय, वॉरंटीत बसत नाही." कोकणात गाडी विकताना पावसाचं ठाऊक नव्हतं का? मग म्हणे, "गाडी आमच्याकडून घेतलेली नाही ना, आधी आमचे कस्टमर." फोटो काढले, क्लेम टाकतो म्हणाला. जॉब कार्ड (गाडी दुरुस्तीला आल्याची लेखी नोंद) मागितलं तर "गाडी ठेवत नाही तर कार्ड कशाला?" तीन आठवडे झाले.

गाडी मला अजूनही आवडते, हेच दुखणं आहे. आता धाकट्या भावाला गाडी घ्यायचीय आणि तो हट्टाने त्याच कंपनीची मागतोय. वडील मध्येच १९९१ ची सीडी १०० काढतात, 'हिरो आणि होंडा वेगळे झाले तरी माझी गाडी एकत्रच आहे' म्हणतात.

तर विचारायचंय हे की, तुम्ही परत त्याच कंपनीकडे गेलात किंवा कायमचे सुटलात, ते गाडीमुळे की डीलरमुळे?

कृष्णाकाठ | ५ जुलै, रात्री १०.३१

समस्त कराडकरांच्या वतीने दिलगिरी. दादा, जॉब कार्ड हातात घेतल्याशिवाय तिथून पुन्हा हलू नका. कार्ड नाही म्हणजे तुम्ही आलाच नव्हता.

पिस्टनकाका | ५ जुलै, रात्री ११.०५

माझी येझदी रोडकिंग, १९८४ ची. म्हैसूरची आयडियल जावा कंपनी १९९६ ला बंद पडली. त्यानंतर कसली वॉरंटी आणि कुठला डीलर? तरी आजही एका किकमध्ये सुरू (बरं, दोन). सांगलीत आमचे एक मिस्त्री होते, ते गेले, आता त्यांचा मुलगा बघतो. पार्ट मिळाला नाही तर लेथवर करून घेतो. यामाहाच्या आरएक्स १०० वाल्यांचं बघा. गाडी १९९६ ला बंद झाली, आणि लोक आज नव्या गाडीचे पैसे देऊन जुनी घेतात. कंपनीने पाठ फिरवली तरी निष्ठा टिकते, हे मी रोज चालवून दाखवतो. तुमची पिढी डीलरचं फार मनाला लावून घेते.

बीएस६चा_बळी | ५ जुलै, रात्री ११.२०

काका, आदर आहे, पण तुमच्या येझदीला पाना आणि कान लागतो. आमच्या गाडीला लॅपटॉप लागतो. १२५ सीसीच्या वर एबीएस सक्तीचं झालं, एप्रिल २०२० ला बीएस६ (धुराचे कडक नियम) आलं, कार्ब्युरेटर जाऊन इंजेक्शन आलं, २०२३ पासून ओबीडीचा (गाडीने आपला बिघाड स्वतःच ओळखायच्या यंत्रणेचा) दुसरा टप्पा. आता पिवळा दिवा लागला की गल्लीतला मिस्त्री दिव्याकडे बघतो, मी मिस्त्रीकडे बघतो. काही हुशार मिस्त्र्यांनी स्वतःचे स्कॅनर घेतलेत, पण कंपनीचं सॉफ्टवेअर त्यांना मिळत नाही. तुम्हाला डीलरशिवाय जगता आलं कारण गाडी उघडी होती. आमची कुलूपबंद आहे आणि किल्ली डीलरकडे.

पिस्टनकाका | ५ जुलै, रात्री ११.२६

म्हणूनच विकत नाही.

जॉबकार्ड_वाचा | ६ जुलै, सकाळी ७.४८

नऊ वर्षं सर्व्हिस ॲडव्हायजर होतो. आधी चिंचवड, मग सातारा, दोन वेगळ्या कंपन्यांच्या डीलरकडे. आता त्या धंद्यात नाही म्हणून मोकळेपणाने लिहितो. लांबेल, चहा घेऊन बसा.

वॉरंटी कंपनी देते हे खरं, पण ती तुमच्या हातात पडेपर्यंत डीलरच्या खिशातून फिरून येते. गाडी आली, जॉब कार्ड उघडलं, बिघाडाचा फोटो-व्हिडिओ काढला, कंपनीच्या सिस्टिममध्ये क्लेम टाकला. मंजूर झाला की पार्ट बदलायचा, पण जुना फेकायचा नाही. त्याला टॅग लावून रॅकवर ठेवायचा, कंपनी मागेल तेव्हा परत पाठवायचा. तिकडे कोणीतरी तो उघडून बघतो आणि ठरवतो, हा बनावटीतला दोष की मालकाची करामत. करामत ठरली की पार्टचे पैसे डीलरच्या खात्यातून वळते. वर वॉरंटीच्या कामाची मजुरी कंपनी ठरवील त्या दराने, आणि मी होतो त्या दोन्ही ठिकाणी तो दर रोखीच्या गिऱ्हाइकापेक्षा कमीच होता. म्हणजे त्याच रॅम्पवर, त्याच मेकॅनिकच्या त्याच तासात पैसे मोजणाऱ्याचं काम केलं तर दोन पैसे जास्त सुटतात. काउंटरवरचा पोरगा 'बसत नाही' म्हणतो तेव्हा तो दरवेळी खोटं बोलत नसतो. बहुतेकदा घाबरलेला असतो. मागच्या महिन्यात नाकारलेल्या क्लेमवरून त्याने बोलणी खाल्लेली असतात.

'गाडी आमच्याकडून घेतलेली नाही' ही मात्र शुद्ध थाप. वॉरंटी चॅसिस नंबरला चिकटलेली असते, ती कुठल्याही अधिकृत वर्कशॉपमध्ये चालते.

मग काही डीलर चांगले कसे? माझ्या अनुभवात एकच खूण: मालक वर्कशॉपमध्ये दिसतो का. साताऱ्याचे आमचे शेठ सकाळी नऊला रॅम्पजवळ उभे. शंका आली की निकाल गिऱ्हाइकाच्या बाजूने. काही क्लेम परत यायचे, ते सोसायचे. म्हणायचे, "पार्ट अठराशेचा आहे, पण हा गेला तर ह्याचे तीन भाऊ आणि एक मेव्हणा पण जातो." तिथे मी एका घरातल्या पाच-पाच गाड्यांची जॉब कार्डं लिहिली आहेत. चिंचवडला काच मोठी होती, एसी थंड होता, आणि दुसरी सर्व्हिस झाली की माणूस परत दिसायचा नाही.

आता चिपळूणचं. नव्या गाडीवर डीलरला सुटतं ते फार नसतं. घर चालतं वर्कशॉपवर, विम्यावर, ॲक्सेसरीजवर. महिन्याला दहा-बारा गाड्या विकणाऱ्याच्या रॅम्पवर पुरेशा गाड्याच येत नाहीत. कंपनीचा हट्ट मात्र ठरलेली काच, ठरलेला सोफा, ठरलेल्या टाइल्स. (टाइल्स तरी नव्या दुकानाला कामी आल्या असतील.) मेकॅनिक शिकून तयार झाला की दोन हजार जास्त देणाऱ्याकडे जातो. तो गेला त्या दिवशी वर्कशॉप बंद पडतं, शटर नंतर कधीतरी पडतं.

परशुरामघाट | ६ जुलै, सकाळी ८.३०

हे वाचून त्या कराडच्या मुलावरचा निम्मा राग उतरला. निम्मा ठेवलाय.

चेनलूब | ६ जुलै, सकाळी ९.१५

मी रॉयल एनफिल्डवाला, आधीच सांगतो, म्हणजे पुढचे टोमणे आत्ताच मारून घ्या. मे २०२१ मध्ये कंपनीने इग्निशन कॉइलसाठी २ लाख ३६ हजार ९६६ गाड्या परत बोलावल्या. मीटिऑर, क्लासिक, बुलेट. मित्रांनी टिंगल केली. माझं मत उलट झालं: चूक आहे, या, बदलून देतो, असं म्हणणारा बरा. आमच्याकडे डीलर ढिसाळ आहे, तीनदा भांडलोय, तरी दुसरी गाडीही तीच घेतली. लेह, स्पिती, वालपराई, कुठेही अडकलो तरी कोणीतरी पाना घेऊन येतो. माझ्यासाठी डीलर म्हणजे एक दुकान नाही, अख्खा रस्ता आहे.

हिशेबनीस | ६ जुलै, सकाळी ९.४०

चेनलूब, रिकॉल आणि वॉरंटी वेगळ्या. रिकॉलमध्ये दोष कंपनीने आधीच कबूल केलेला असतो, भांडावं लागत नाही. वॉरंटीत तो तुम्ही सिद्ध करायचा असतो, काउंटरसमोर उभं राहून, अर्ध्या दिवसाची रजा टाकून.

आणि आकड्यांना भुलू नका. हिरोची मोटारसायकलला ५ वर्षं किंवा ७० हजार किलोमीटर, होंडात २०२३ पासून जादा पैसे भरून एकूण १० वर्षांपर्यंत. ऐकायला झकास. पण पुस्तिका उघडा. क्लच प्लेट, ब्रेक पॅड, चेन-स्प्रॉकेट, केबल, बल्ब, रबराच्या वस्तू या झिजणाऱ्या, त्यामुळे बहुधा बाहेर. टायरसाठी टायर कंपनीकडे जा, बॅटरीसाठी बॅटरीवाल्याकडे. 'फ्री सर्व्हिस' म्हणजे मजुरी फुकट, ऑइल-फिल्टरचं बिल येतंच. एक सर्व्हिस चुकली, बाहेरून एलईडी दिव्याला वायर तोडून जोड दिला, की क्लेमच्या वेळी तेच पुढे येतं.

म्हणजे लांब वॉरंटीने माणूस दहा वर्षं अधिकृत वर्कशॉपलाच बांधला जातो. कंपनी याला निष्ठा म्हणते. आमच्या गोठ्यात याला दावं म्हणतात.

सीबीएसची_लेक | ६ जुलै, सकाळी ११.०२

नाशिककर, बारा वर्षं मोटारसायकल चालवतेय. मी कंपनी सोडली ती एका वाक्यावर. पुढच्या फोर्कमधून तेल गळत होतं, मी सील म्हणाले, ॲडव्हायजर म्हणाला, "मॅडम, मिस्टरांना पाठवून द्या, त्यांना समजावतो." मिस्टर स्कूटरचं स्टँडसुद्धा माझ्याकडून लावून घेतात. सील बदललं, वॉरंटीतच बदललं, पैसे घेतले नाहीत, तांत्रिकदृष्ट्या तक्रारीला जागा नाही. पण पुढची गाडी दुसऱ्या कंपनीची घेतली. तिथे पहिल्या सर्व्हिसला मेकॅनिक बाहेर आला आणि विचारलं, "ताई, तुम्हीच चालवता ना? कुठल्या वेगाला हँडल थरथरतं?" संपलं. अजून तिथेच आहे. धाकटी बहीणही तिथेच.

चेनलूब | ६ जुलै, सकाळी ११.१०

+१. स्टँडवाल्या वाक्यासाठी +१०.

वाईचा_गणपत | ६ जुलै, दुपारी १.२५

डीलर जातो ते एक, अख्खी कंपनीच गेली किंवा तिचा भारतातला भागीदार बदलला तर? आम्ही वाईकरांनी हे जवळून पाहिलंय. इटलीच्या बेनेल्लीच्या गाड्या डीएसके मोटोव्हील्स इथेच जोडायची. गावात तीनशे-सहाशे सीसीचे आवाज यायचे, पोरं कान टवकारायची. पुढे मूळ समूहच अडचणीत आला आणि २०१८ मध्ये बेनेल्लीने हैदराबादच्या महावीर समूहाशी नवा संसार मांडला. ज्याने जुन्या संसारात गाडी घेतली त्याने कुठल्या दारात उभं राहायचं? कंपनीला नवा भागीदार मिळतो, मालकाला आधी चौकश्या मिळतात.

अमेरिकेच्या हार्लेचं तसंच. सप्टेंबर २०२० मध्ये हरियाणातल्या बावलचा कारखाना बंद करत असल्याचं जाहीर केलं, ऑक्टोबरमध्ये हिरोशी करार झाला, म्हणून सर्व्हिस आणि पार्टची सोय राहिली. पण लाखो रुपये घालून शोरूम थाटलेल्या डीलरांची अवस्था वाईट झाली, भरपाईवरून त्यांची संघटना जाहीरपणे भांडली. आपण इथे डीलरला शिव्या घालतो, पण कंपनीने हात वर केले की सगळ्यात आधी तोच बुडतो. २०२३ ला तीच हार्ले हिरोने बनवलेली एक्स ४४० घेऊन परत आली आणि लोकांनी घेतली. कारण सोपं आहे, तालुक्याला हिरोचं वर्कशॉप असतंच, असा विश्वास. विश्वास हार्लेवर की हिरोवर, तुम्ही ठरवा. (सगळ्या हिरो वर्कशॉपमध्ये ती होते असं समजून जाऊ नका, आधी फोन करा.)

मिलवॉकीकर_मामा | ६ जुलै, दुपारी १.५०

हार्लेच्या गावातून नमस्कार. इथे पहाट व्हायचीय, झोप येत नाही म्हणून वाचतोय. अमेरिकेत १९७५ पासून मॅग्नसन-मॉस नावाचा कायदा आहे. बाहेरचा पार्ट लावला किंवा बाहेरच्या मिस्त्रीकडे गेलात एवढ्यावरून कंपनीला वॉरंटी नाकारता येत नाही, त्या पार्टमुळेच बिघाड झाला हे तिला दाखवावं लागतं. तरी जून २०२२ मध्ये फेडरल ट्रेड कमिशनने हार्लेलाच धरलं. वॉरंटीच्या अटी अशा लिहिल्या होत्या की फक्त अधिकृत डीलर आणि कंपनीचेच पार्ट वापरायचे असं वाटावं. त्या अटी काढून ग्राहकांना तसं स्पष्ट कळवायला लावलं. म्हणजे हिशेबनीस म्हणतात ते दावं इकडेही होतं, सरकारने विळा मारला. इथल्या हार्लेवाल्यांची निष्ठा त्याने कमी झालेली दिसत नाही. डीलरकडे शनिवारी कॉफी प्यायला जातात, गाडीला काही झालेलं नसतानाही.

वादी_प्रतिवादी | ६ जुलै, सायंकाळी ६.१५

भारतात तेवढा धारदार विळा नाही, पण हात रिकामे नाहीत. २०१४ मध्ये स्पर्धा आयोगाने सुटे भाग आणि दुरुस्तीची माहिती अडवून ठेवल्याबद्दल १४ कार कंपन्यांना २,५४४ कोटींचा दंड ठोठावला होता, बाहेर दुरुस्ती केली म्हणून सरसकट वॉरंटी रद्द करण्याच्या पद्धतीवरही ठपका ठेवला होता. पुढे अपिलं झाली. कारचं प्रकरण, पण रोग तोच.

धागाकर्त्यासाठी महत्त्वाचं: तक्रार करायची वेळ आलीच तर डीलर आणि कंपनी दोघांनाही सामनेवाले करा. गोव्यातल्या एका प्रकरणात डीलरने २००९ ची कार २०११ मध्ये नवी म्हणून विकली होती. खालच्या ग्राहक आयोगांनी टाटा मोटर्सलाही जबाबदार धरलं, पण २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने कंपनीला मोकळं केलं. म्हणणं असं की, करारानुसार दोघं स्वतंत्र व्यापारी, कंपनीला त्या व्यवहाराची माहिती होती हे सिद्ध झालेलं नाही, मग डीलरच्या लबाडीला ती आपोआप बांधली जात नाही. बोर्डावर नाव एकाचं, दोष दुसऱ्याचा. बनावटीतल्या दोषाचं वेगळं, तिथे कंपनीला उत्तर द्यावंच लागतं.

२०१९ च्या ग्राहक संरक्षण कायद्याने तुम्ही राहता त्या जिल्ह्याच्या आयोगात तक्रार करता येते, कराडला खेटे घालायची गरज नाही. पाच लाखांपर्यंतच्या वस्तूला फी नाही, मुदत दोन वर्षं. त्याआधी १९१५ या ग्राहक हेल्पलाइनवर फोन करा आणि कंपनीला लेखी मेल टाका. मेलमध्ये 'मनस्ताप' कमी आणि चॅसिस नंबर, तारखा, जॉब कार्ड नंबर जास्त. वकील असून सांगतो, नव्वद टक्के वेळा मेलवरच काम होतं. (टक्केवारी माझ्या मनाची.)

व्यवस्थापक | ६ जुलै, सायंकाळी ६.४०

एका प्रतिसादातून डीलरचं नाव आणि तिथल्या कर्मचाऱ्याचा मोबाइल नंबर काढला आहे. अनुभव लिहा, नंबर नको.

म्हापशेकर | ६ जुलै, रात्री ९.३३

मी गाड्या भाड्याने देतो, काळ्या पाटीवर पिवळे आकडे, तुम्ही येऊन आपटता त्याच. सतरा आहेत. आमच्या धंद्यात प्रेमबिम नसतं. गाडी एक दिवस उभी राहिली की त्या दिवसाचं भाडं गेलं. म्हणून मी शोरूममध्ये गाडी बघतच नाही, पार्टच्या काउंटरला जातो आणि क्लच केबल, आरसा, लिव्हर, इंडिकेटर मागतो. चारही लगेच मिळाले तर गाडीचं बोलतो. 'ऑर्डर टाकतो' ऐकलं की देव बरें करूं म्हणून निघतो. आणि भाड्याने देणार असाल तर पुस्तिकेत व्यावसायिक वापराबद्दल काय लिहिलंय ते आधी वाचा. मी नंतर वाचलं.

विजेवर_स्वार | ६ जुलै, रात्री १०.०४

अवांतर, कारण स्कूटर. २०२४ च्या सुरुवातीला ओला इलेक्ट्रिकने बॅटरीला ८ वर्षांची वॉरंटी जाहीर केली. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाची नोटीस आली, ग्राहक हेल्पलाइनवर १० हजारांवर तक्रारी होत्या. कंपनीने बहुतेक सगळ्या सोडवल्याचं सांगितलं. वॉरंटीची वर्षं वाढवणं एका पत्रकाचं काम, मेकॅनिक वाढवायला वेळ लागतो.

पिस्टनकाका | ६ जुलै, रात्री १०.१०

आमच्याकडे या. रॉकेलवर पण चालेल.

परशुरामघाट | २ ऑगस्ट, रात्री ९.५०

अपडेट देतो, धागा अर्धा सोडणाऱ्यांतला मी नाही.

वादी_प्रतिवादींच्या सांगण्याप्रमाणे मेल टाकला. चॅसिस नंबर, तारखा, टाइल्सच्या दुकानाचा फोटो (पाटीसकट). तिसऱ्या दिवशी कंपनीच्या एरिया सर्व्हिस मॅनेजरचा फोन, कराडला जॉब कार्ड उघडलं, अकरा दिवसांनी नवं मीटर बसलं. एक रुपया घेतला नाही. पेट्रोल आणि दोन रजा माझ्या. ॲपवरचा पत्ता अजून टाइल्सवाल्यांचाच आहे.

आता भावाचं. म्हापशेकरांची युक्ती करायची म्हणून त्याला घेऊन चिपळुणातल्या दुसऱ्या एका कंपनीच्या पार्ट काउंटरला गेलो. केबल होती, लिव्हर होता, आरसा उद्या मिळेल म्हणाले. तेवढ्यात आतून आवाज, "काय दादा, मीटर झालं का?" बघतो तर आमच्या बंद पडलेल्या शोरूमचा मेकॅनिक. दिवाळीनंतर इकडे लागलाय. माझी गाडी कुठे कुरकुरते हे त्याला माझ्यापेक्षा जास्त माहीत. मी विचारलं, तुला मीटरचं कसं कळलं? म्हणाला, जूनमध्ये तुमच्यासारख्या आणखी तिघांचे फोन आले होते, त्यांना तरी काय सांगणार, माझ्याकडे आता तो लॅपटॉप नाही.

भाऊ बाहेर गाड्या बघत होता. पंधरा मिनिटांनी आत आला तेव्हा मी आणि तो मेकॅनिक चहा पीत होतो. भावाने विचारलं, बघायची का गाडी? मी म्हटलं रंग ठरव.

सीबीएसची_लेक | २ ऑगस्ट, रात्री १०.०१

अभिनंदन! आणि भावाला आवडली का, की तुम्हीच ठरवलंत?

परशुरामघाट | २ ऑगस्ट, रात्री १०.०८

दोन दिवस फुगून होता. काल डिलिव्हरी झाली, आज न सांगता गुहागरला जाऊन आला.

जॉबकार्ड_वाचा | २ ऑगस्ट, रात्री १०.१५

त्या मेकॅनिकला दोन हजार जास्त मिळतात का ते विचारून ठेवा. पुढच्या गाडीच्या वेळी लागेल.